कानवाल्या शमीमआपा

परवा आमच्या शाळेत एका नव्या बाईंचा लॅपटॉप अडून बसला. जळगावात कर्णबधिर मुलांची एक शाळा आहे, तिथे मी शिकवते. बाईंना मुलांसाठी केलेली चित्रं पेनड्राइव्हमध्ये घ्यायची होती. लॅपटॉप चार्ज होत होता, दिवा लागत होता, पण त्याच टाइप-सी पोर्टात पेनड्राइव्ह खुपसला की लॅपटॉपला तो दिसतच नव्हता. "गेलं वाटतं पोर्ट," म्हणत त्या दुकानात फोन लावायला निघाल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा हो. आधी सोपं बघू."

बोलले आणि मीच थबकले. हे वाक्य माझं नाही. त्यातला 'सोपं'वरचा तो ठाम जोरसुद्धा माझा नाही. धुळ्यात शमीमआपांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांनी तो माझ्या जिभेवर बसवलाय.

पाटीवर नाव होतं शमीम मन्सुरी, श्रवणतज्ज्ञ. पण ते कुणी घेत नसे. शहरात त्या 'कानवाल्या मॅडम' होत्या, खेड्यात 'कानवाली बाई', आणि आमच्यासारख्या जवळच्यांना आपा. उंची बेताची, अंगाने भरलेल्या, डोक्यावरची ओढणी सतत खांद्यावर घसरलेली. चालण्यात एक घाई. पण पेशंटसमोर बसल्या की ती घाई कुठे जायची कोण जाणे. खुर्ची ओढून त्या बरोबर समोर बसत, स्वतःच्या तोंडावर उजेड पडेल अशा. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, जराही आवाज न चढवता विचारत, "बोला, काय त्रास आहे?" समोरचा माणूस शिंदखेड्याकडचा असला तर अहिराणीत, "बोल ना आबा, काय व्हस तुले?"

मी त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले तो दिवस चांगला लक्षात आहे. त्यांचं क्लिनिक एका जुन्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. खाली त्यांच्या वडिलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. बशीरभाई पिढीजात पिंजारी. दुकानात कापूस पिंजायचं मशीन असं काही गरजत होतं की जिना चढताना माझ्या पायाखालच्या फरशा थरथरत होत्या. वर कानाच्या तपासणीची खोली आणि खाली हे! मला वाटलं, पत्ता चुकला.

वर गेले तर आपा एका आजीबाईंना तपासणीच्या खोलीत बसवत होत्या. खुणेनेच मला थांब म्हणाल्या, भिंतीवरचं एक बटण दाबलं आणि क्षणभरात खालचं मशीन गप्प झालं. तपासणी संपली, बटण बंद झालं, मशीन पुन्हा सुरू. मी चकित होऊन बघत राहिले.

"खाली लाल दिवा लागतो," आपा म्हणाल्या. "अब्बांना हाक ऐकू येत नाही ना. उभं आयुष्य या मशीनपाशी गेलं त्यांचं. दिवा दिसला की थांबतात."

"मग क्लिनिक दुसरीकडे का नाही हलवत?"

"हलवेन की. पण अब्बांना दिवसातून थोडा वेळ शांत बसवायचा दुसरा उपाय सांग."

ती माझी मुलाखत. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

आपांचं बोलणं सुरू व्हायचं ते 'आधी सोपं बघू'पासून. म्हातारा माणूस आला की घरचे लोक सांगायचे, मॅडम, नस सुकलीय, मेंदूचं काहीतरी आहे, आता काही व्हायचं नाही. आपा ऐकून घ्यायच्या. मग ओटोस्कोप घ्यायच्या, म्हणजे कानात बघायचा तो भिंगाचा, दिव्याचा दांडा. आधी कानात मळ आहे का. यंत्र असेल तर सेल संपलाय का. नळी तुंबलीय का. मग पुढचं. दोंडाईच्याच्या एका नानांच्या कानातून त्यांनी ज्वारीचा दाणा काढला होता. खळ्यावर काम करताना कधीतरी गेला असेल आणि मळात बसला असेल. नाना उठून बसले, खिडकीबाहेरची रहदारी ऐकली आणि म्हणाले, "एवढी गर्दी कधी झाली धुळ्यात?" त्यांना आणणारा मुलगा तर मोठमोठ्या डॉक्टरांची नावं विचारून आला होता.

पण त्या नुसत्या गोड होत्या असं कुणी समजू नये. आपांना राग यायचा, आणि तो एकाच गोष्टीचा. बहिऱ्या माणसावर कुणी खेकसलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. एकदा पारोळ्याचा एक चांगला शिकला-सवरलेला मुलगा वडिलांना घेऊन आला. दर वाक्याला वडिलांच्या कानाशी वाकून ओरडायचा आणि आमच्याकडे बघून, "बघा, असं आहे आमचं," अशा अर्थी हसायचा. आपांनी शांतपणे त्याच्या दोन्ही कानांत यंत्राच्या मापासाठी घालतात तो मऊ लगदा भरला. त्याला वाटलं, मोफत तपासणी चाललीय. लगदा बसल्यावर त्याच्या हातात चिठ्ठी दिली, 'खालून सगळ्यांसाठी चहा सांगून या. कमी साखरेचा कोणता, ते विचारा.'

गेला. बराच वेळ आला नाही. आला तो लालबुंद होऊन. चहावाला काहीतरी विचारत होता, याला कळत नव्हतं. चहावाला ओरडला, तरी कळेना. मागची माणसं हसली. एकाने खांद्याला धरून बाजूला केलं. आपांनी लगदा काढला तसा तो मुलगा वळला. वडिलांसमोर जाऊन बसला. समोरून, हळू आवाजात विचारलं, "बाबा, चहा घेणार ना?" वडिलांनी मान हलवली. आपा आत गेल्या आणि मला म्हणाल्या, "याला आता यंत्राची निगा समजावून सांग. हा नीट ऐकेल."

मला आठवतंय त्यातलं सगळ्यांत पक्कं म्हणजे दोंडाईच्याचं शिबिर.

दिवाळी होऊन गेली होती. एका संस्थेने काही श्रवणयंत्रं दिली होती आणि आसपासच्या गावांतली माणसं एका शाळेत जमली होती. श्रवणयंत्र म्हणजे चष्म्यासारखं दुकानातून उचललं आणि लावलं असं नसतं. प्रत्येकाच्या कानाच्या तपासणीप्रमाणे ते लॅपटॉपवरून बसवावं लागतं. कोणते आवाज किती वाढवायचे, कोणते रोखायचे, ते सगळं. यंत्र एका छोट्या डबीला जोडायचं, डबीला प्रोग्रामर म्हणतात, आणि डबी केबलने लॅपटॉपला. हे न करता यंत्र कानात घातलं तर भांडी पडल्याचा आवाज डोक्यात शिरतो आणि माणूस घरी गेल्यावर ते डब्यात टाकून देतो. कायमचं.

आपांचा लॅपटॉप नवा, बारीक अंगाचा होता. त्याला टाइप-सी पोर्ट एकच. चार्जरही त्यातच, प्रोग्रामरही त्यातच. सकाळपासून काम बरं चाललं होतं. दुपारी जेवणानंतर उरलेल्यांना बोलावलं, तर प्रोग्रामर लॅपटॉपला दिसेना. डबीवरचा दिवा लागलेला, म्हणजे वीज पोचत होती. पण पडद्यावर एकच ओळ, 'उपकरण जोडलेले नाही.'

समोर लताबाई बसल्या होत्या.

लताबाईंचं सांगायला हवं. तिशीच्या आत-बाहेरच्या. पहिल्या बाळंतपणानंतर ऐकू येणं कमी होत गेलं, दुसऱ्यानंतर फार. काही बायकांना असा आजार होतो, कानातलं बारीक हाड घट्ट होतं. त्यावर पुढे ऑपरेशन होऊ शकतं, हे आपांनी त्यांना समजावलं होतं. पण तोवर यंत्राने भागणार होतं, आणि चांगलं भागणार होतं. या आजारात माणसाला स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून तो अगदी हळू बोलायला लागतो. लताबाई इतकं हळू बोलत की समोरच्याला झुकावं लागे. गावात त्यांना लोक येडी समजत. नवरा शेजारी उभा होता, सुभाष नावाचा. उन्हाने रापलेला, धिप्पाड. आणि त्यांची मुलगी, परकराची नाडी चघळत.

सगळं घर दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीला गुजरातेत निघणार होतं. ट्रक ठरलेला. परत येणार ते उन्हाळ्यात.

"उद्या धुळ्याला या, तिथे बसवू," असं त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

मी घाबरले. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तेच. शाळेतल्या एका गुरुजींनी आपली केबल आणून दिली. तीही लावली, काही नाही.

"ही नुसती चार्जिंगची असेल," आपा म्हणाल्या. "काही केबलमध्ये माहिती न्यायच्या तारा नसतातच. आपली दुसरी काढ."

प्रोग्रामरची जादा केबल बॅगेत होती. तिनेही तेच. मग त्याच केबलने मी माझा मोबाइल लावला. मोबाइल चार्ज होऊ लागला, पण त्यातले फोटो लॅपटॉपवर येईनात. दोन्ही केबल, प्रोग्रामर आणि मोबाइल, सगळं एकदम तर बिघडणार नाही. दुखणं लॅपटॉपच्या पोर्टाचंच.

"पूर्ण बंद कर. चार्जर काढलेला असू दे. बटण दाबून धर थोडा वेळ, मग सोड."

केलं. नाही. उपकरणांच्या यादीत जाऊन पोर्टाची नोंद काढली, लॅपटॉपने ती पुन्हा घेतली. नाही. मी व्हरांड्यात जाऊन धुळ्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, न बघता कसं सांगू? पोर्ट असेल, बोर्डही असेल. घेऊन या, बघतो." त्याचं काही चुकलं नव्हतं. पण धुळ्याला जाऊन परत यायचं म्हणजे शिबिर संपलं असतं.

आत आले तर सुभाष उठला होता. "चाल व," तो बायकोवर ओरडला. ओरडणं म्हणजे रागाने नव्हे, तो तिच्याशी बोलायचाच तसा. साऱ्या वर्गाने मान वळवून पाहिलं. लताबाई निमूट उठल्या. त्यांच्या तोंडावर दुःख वगैरे काही नव्हतं. असं होणारच होतं, हे जणू त्यांना सकाळीच माहीत होतं, असा चेहरा. ते मला बघवेना.

"बस," आपा म्हणाल्या. हाताने लताबाईंना खाली बसवलं. मग सुभाषला, "तुम्हीपण बसा दादा. अजून आम्ही सोपं बघितलेलंच नाही."

"आपा, केबल बदलली, चालू-बंद केलं, सगळं केलं," मी म्हणाले. 

"आत बघितलं का?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला.

आपांनी लॅपटॉप बंद केला, सगळ्या तारा काढल्या, तो आडवा करून मांडीवर घेतला आणि ओटोस्कोप उचलला. ज्या दांड्याने सकाळपासून माणसांच्या कानांत बघत होत्या, त्याच्या टोकावरची टोपी काढून त्यांनी दिवा पोर्टाशी नेला आणि एक डोळा मिटून आत बघू लागल्या. मुलीने नाडी तोंडातून काढली आणि आईच्या कानाशी न जाता, तिच्या समोर येऊन, लॅपटॉपकडे बोट करून, ओठ ठळक हलवत सांगितलं, "त्याना कान देखी राहिनी." लताबाईंना हसू आलं. दिवसभरातलं पहिलं.

"कापूस," आपा म्हणाल्या.

"काय?"

"कापूस बसलाय आत. दाबून दाबून पार तळाला गेलाय. बघ."

मी पाहिलं. त्या बारीक फटीत राखाडी, नमद्यासारखा घट्ट थर जमला होता. आणि का नाही जमणार? क्लिनिकच्या खाली कापूस पिंजला जायचा, जिन्यावर, टेबलावर, आमच्या केसांत सगळीकडे तो तरंगत यायचा. बॅगेत कानासाठीचा कापूस वेगळा. दर वेळी केबल घालताना आम्ही तो थोडा थोडा आत ठोकत होतो. म्हणूनच केबल हल्ली नखाएवढी बाहेर राहायची. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता.

गुरुजींनी तत्परतेने टाचणी पुढे केली. आपांनी ती परत दिली. "लोखंड नको गुरुजी. आत नाजूक दाते असतात, वाकले तर खरंच धुळे गाठावं लागेल." मग त्यांनी आमच्याच पेटीतून सामान काढलं. श्रवणयंत्र साफ करायचा मऊ ब्रश आणि कानाच्या साच्यातली ओल उडवायचा रबरी फुगा. लाकडी दातकोरणी घेऊन तिचं टोक ब्लेडने चपटं केलं. कडेकडेने, दात्यांना न लागू देता, कापूस सैल केला. ब्रश फिरवला. फुग्याने वारा मारला. असं पुन्हा पुन्हा. घाई अजिबात नाही. वर्गातली माणसं वाकून वाकून बघत होती. शेवटी एक चपटी गुठळी बाहेर आली. आपांनी ती तळहातावर घेऊन सुभाषला दाखवली. तो वाकून बघत म्हणाला, "आरे! इतलासा?"

केबल घातली. या वेळी ती टक् करून पूर्ण आत बसली. लॅपटॉप चालू झाला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो.

'उपकरण जोडलेले नाही.'

मी बॅग आवरायला घेतली. आपांनी मात्र पुन्हा ओटोस्कोप घेतला, केबल काढली, आत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उलटी लाव."

"आपा, टाइप-सीला उलटं-सुलटं नसतं. कशीही लावली तरी चालते."

"बाहेरून नसतं. आत दोन्ही बाजूंना दाते आहेत. वरच्या बाजूचे मधले काळवंडलेत, खालचे चकचकीत आहेत. आपण नेहमी केबलवरचं नाव वर ठेवून लावतो. आता खाली ठेवून लाव."

मी केबल उलटी केली आणि लावली. लॅपटॉपने तो ओळखीचा, बारीक, दोन सुरांचा आवाज केला. पडद्यावर डबीचं चित्र उमटलं. हिरवं.

गुरुजींनी टाळी वाजवली. मी नकळत कपाळावरची टिकली काढली आणि केबलच्या वरच्या अंगाला चिकटवली, म्हणजे कुणी चुकायला नको. आपा म्हणाल्या, "शाब्बास. आता हात लावू नकोस तिला," आणि लताबाईंकडे वळल्या, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

यंत्र बसवताना आपांचा एक नियम होता. मोबाइलवर चित्रण करायचं नाही. पहिल्यांदा ऐकू आल्यावर माणूस रडतो, हसतो, टाळ्या वाजतात, असं लोकांना वाटतं. आपा म्हणायच्या, "बिचाऱ्याला धड ऐकू तर द्या. तुमच्यासाठी रडायचं ओझं त्याच्यावर कशाला?" त्या दिवशीही दोघा-तिघांचे मोबाइल त्यांनी खाली ठेवायला लावले.

त्यांनी आवाज हळूहळू वाढवला. लताबाई आधी मुलीकडे बघत होत्या. मग कपाळाला आठी घालून इकडेतिकडे बघू लागल्या.

"हाई काय वाजस?" त्यांनी विचारलं.

कुणाला काही वाजताना ऐकू येत नव्हतं. आपांनी त्यांचा हात धरला. काकणं थांबली. "आता?"

लताबाईंनी हात हलवला. काकणं वाजली. थांबवला. पुन्हा हलवला. मग पदर दोन बोटांत धरून चुरगाळला आणि त्याची सळसळ ऐकत बसल्या.

सुभाषला राहवेना. तो पुढे झाला आणि नेहमीच्या आवाजात गरजला, "आयकू येस का व?"

लताबाई दचकून मागे सरकल्या. दोन्ही हात वर केले. मग नवऱ्याकडे बघून, आपल्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वरडू नका. माले आयकू येस."

सुभाष थांबला.  इतकी वर्षं तो या बाईशी ओरडूनच बोलत आला होता. जेव, चल, उठ, पोर रडस. ओरडून सांगण्यासारखं असेल तेवढंच सांगायची सवय झालेली. आता हळू आवाजात काय बोलायचं, ते त्याला सुचत नव्हतं. तो धिप्पाड माणूस बायकोसमोर नुसता उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"नवं लग्न झालंय असं समजा दादा," आपा म्हणाल्या. "काहीही बोला."

वर्ग हसला. सुभाष खाली बसला. मग तो म्हणाला, अगदी हळू, "जेवनी का तू?"

"नही," लताबाई म्हणाल्या. "तुम्ही?"

मी तेव्हा खिडकीबाहेर बघायला लागले. आपा पडद्यावर काहीतरी उगाचच सारखं करत होत्या.

परत येताना गाडीत मी त्यांना सारखी तेच सांगत राहिले, कसं झालं, कसं सुचलं. त्यांनी एक केळं सोललं, अर्धं मला दिलं. म्हणाल्या, "पोर्ट बदलून घे उद्या. एका बाजूवर किती दिवस काढणार?" दुरुस्तीवाल्याने नंतर ते बदलून दिलं, नीट दिलं. बोर्ड चांगला होता.

फाल्गुनात एके दिवशी क्लिनिकचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडून इतका हळू आवाज की मी म्हणाले, "जरा मोठ्याने बोला." पलीकडे कुणीतरी हसलं. लताबाई होत्या. गुजरातेतल्या उसाच्या फडातून. सेल कुठे मिळतील, ते विचारत होत्या. बोलणं संपल्यावर मी फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात आलं, ही बाई फोनवर बोलली. मी धावत आपांना सांगायला गेले. त्या तपासणीच्या खोलीत होत्या, लाल दिवा लावलेला होता. दाराच्या काचेतून मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मला बाहेर पिटाळलं. पण त्या हसत होत्या.

एका माणसापुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही. बशीरभाईंनी यंत्र लावलं नाही ते नाहीच. आपांनी त्यांच्यासाठी चांगल्यातलं चांगलं यंत्र बसवून ठेवलं होतं. कधी लाडाने, कधी भांडून त्या ते त्यांच्या कानाशी नेत. म्हातारबाबा हसून मुलीचा हात बाजूला करत. "रहने दे बेटा. अब आदत हो गई." एकदा ईदच्या दिवशी तेवढं लावलं. नातवंडांचा गलबला ऐकला, शिरखुर्मा खाल्ला, आणि संध्याकाळी काढून मुलीच्या हातात दिलं. "अच्छा है," म्हणाले. "लेकिन थक गया." मेंदू इतकी वर्षं शांततेत राहिला की आवाजाचा त्याला थकवा येतो, हे आपाच सगळ्यांना समजावत. त्या दिवशी त्या कुणाला काही समजावत बसल्या नाहीत. रात्री मला फोनवर म्हणाल्या, "आपण फार उशिरा पोचतो गं मनीषा. ऐकू येणं गेल्यावर आपण जातो. आधी जायला हवं."

तेव्हा मला वाटलं, मन खट्टू झालंय म्हणून बोलताहेत. पण आपांचं बोलणं हवेत राहत नसे. पुढे माझं लग्न झालं, मी जळगावला आले, शाळेत लागले. अधूनमधून त्यांची खबर मिळे. क्लिनिकमध्ये त्यांनी एका होतकरू मुलीला बसवलं होतं आणि आठवड्यातले काही दिवस त्या बाहेर पडत. कापसाच्या जिनिंगमध्ये जात. लग्नाच्या बँडवाल्यांना गाठत. गिरणीत, लोहारशाळेत. जिथे माणसं आवाजात काम करतात तिथे, त्यांचे कान शाबूत असताना. लोक हाकलून देत, असंही ऐकलं. "आमचे कान, तुम्हाला काय करायचंय?" आपा पुन्हा जात.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरून येत होते. सोनगीरला त्यांचा मुक्काम आहे, असं कळलं होतं, म्हणून मुद्दाम महामार्गावर उतरले. किल्ल्याखालच्या गावात तांबटांची वस्ती आहे. तांब्या-पितळेची भांडी घडवणारी घरं. गल्लीत शिरले तशी दोन्ही बाजूंनी हातोड्यांची ठोकाठोक अंगावर आली. माझे कान तिथेच बधिर व्हायला लागले. आपा कुठे, असं एका अक्कांना विचारलं, तर त्यांनी बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, हाताने दाखवलं.

उघड्या ओसरीवर आपा पोत्यावर बसल्या होत्या. ओढणी कमरेला खोचलेली. समोर लोखंडी ऐरणीवर एक पितळी हंडा पालथा घातलेला, आणि त्यांच्या हातात हातोडा. शेजारी एक वयस्क कारागीर त्यांना कसा घाव घालायचा ते शिकवत होता. आपा मारत होत्या, चुकत होत्या, तो कपाळावर हात मारत होता, दोघं खदखदून हसत होते. त्यांच्या कानांत आवाज अडवणारे, नारिंगी रंगाचे मऊ बोळे होते. त्याच्या कानांतही. मी मान वळवून पाहिलं, तर पलीकडच्या ओसरीवरच्या दोघा तरुणांच्या कानांत ते होते. त्यांच्या पुढच्यांनी अजून घातले नव्हते, पण ते हात थांबवून इकडेच बघत होते.

"आपा!" मी हाक मारली.

त्यांनी हंड्यावर आणखी एक घाव घातला. या वेळी तो नेमका बसला असावा, कारण कारागिराने मान डोलावली.

मी पुन्हा हाक मारली. कानवाल्या मॅडमना ऐकू गेलं नाही. मी बॅग खाली ठेवली आणि त्यांची नजर वर जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.